जात : अक्षरं दोन, घरं चार

(पिंगळी, जि. परभणी येथे विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला दोन शब्द बोला, असं समितीनं सांगितलं तेव्हा आम्ही आधी नाहीच म्हणालो. आम्ही खेड्यातले मास्तर. जन्मभर एकच काम केलं. फळ्यावर शब्द लिहायचा आणि पोरांना तो फोड करून सांगायचा. समितीचे लोक म्हणाले, गुरुजी, मग तेच करा. म्हणून आज आम्ही दोन शब्द नाही, एकच शब्द घेऊन आलो आहोत. शब्द रोजचा आहे, दोन अक्षरांचा आहे, आणि इथं बसलेल्या प्रत्येकाला तो कधी ना कधी बोचलेला आहे. तो शब्द म्हणजे 'जात'.

हा शब्द घ्यायला कारण घडलं ते याच विहारात. आषाढी पौर्णिमेला आपण तथागतांच्या पहिल्या उपदेशाचं स्मरण करतो. सारनाथच्या मृगदायवनात पाच भिक्षूंना त्यांनी जो उपदेश केला, त्यात दुःख म्हणजे काय हे सांगताना पाली भाषेतले दोन शब्द येतात, 'जाति' आणि 'जरा'. पाठ संपला आणि एक चुणचुणीत पोरगी उठून म्हणाली, "गुरुजी, जरा म्हंजे थोडं ना? मग ते दुःख जरासंच आहे का?" सगळे खळखळून हसले. तिचा मोठा भाऊ कॉलेजात शिकणारा. तो म्हणाला, "ते राहू दे. जाति म्हंजे जात. जात हेच दुःख आहे, असं भगवंतांनी अडीच हजार वर्षांपूर्वी सांगून ठेवलंय." यावर कुणी हसलं नाही. सगळ्यांनी गंभीरपणे मान डोलावली. आम्हीही डोलावली.

घरी गेल्यावर ध्यानात आलं की बहीण आणि भाऊ दोघांची चूक एकच होती. दोघांनीही ओळखीची अक्षरं पाहिली आणि अर्थही ओळखीचाच असणार असं धरून चालले. बहिणीची चूक आपल्याला दिसली, कारण तिचा अर्थ तिथं बसत नव्हता. भावाची चूक दिसली नाही, कारण त्याचा अर्थ आपल्या काळजाला बसत होता.

आधी बहिणीचा प्रश्न सोडवू. पालीतला 'जरा' म्हणजे म्हातारपण. आपल्या मराठीतले जीर्ण, जर्जर, जरठ हे शब्द त्याच घरचे. 'जरा थांब' मधला 'जरा' मात्र लांबून आलेला पाहुणा आहे. अरबीत 'झर्रा' म्हणजे कण. तो फारसी-उर्दूच्या वाटेनं आला, झिजत झिजत 'जरा' झाला आणि मराठीत स्थायिक झाला. तोंडानं म्हणून पाहा. म्हातारपणाचा 'ज' जीवनातल्या 'ज' सारखा आहे, आणि थोड्याचा 'ज' जमिनीतल्या 'ज' सारखा. कानाला फरक कळतो. पण मराठीत दोन्हीला अक्षर एकच, म्हणून डोळा फसतो.

असं का होतं, हे समजायला आपल्या गावचं स्टेशन बघा. मनमाडकडून एक गाडी येते, सिकंदराबादकडून दुसरी येते. दोन्हींतले उतारू पिंगळीच्या एकाच फलाटावर उतरतात. पाटी एक, फलाट एक, म्हणून ते एका आईची लेकरं होतात का? शब्दांचंही असंच असतं. एक संस्कृत-प्राकृताच्या वाटेनं येतो, एक अरबी-फारसीच्या. प्रवासात अंगावरचं झिजतं, आणि मराठीच्या फलाटावर उतरेपर्यंत दोघांचा चेहरा सारखा झालेला असतो.

खुद्द गावाच्या नावाचंही तेच. आपली पिंगळी परभणीहून पूर्णेकडं जाताना लागते. साताऱ्याच्या माण तालुक्यातही पिंगळी आहे. आणि तेलुगू मुलखात पिंगळी हे घराण्याचं नाव आहे. सोळाव्या शतकात पिंगळी सूरन्ना नावाचे मोठे तेलुगू कवी होऊन गेले. पुढं १९२१ साली विजयवाड्याला गांधीजींपुढं राष्ट्रध्वजाचा नमुना ठेवणारे पिंगळी वेंकय्या हेही आंध्रातलेच. आता आपल्यापैकी कुणी पुस्तकात ते नाव वाचून 'झेंडा आपल्या गावच्या माणसानं केला' असं सांगत सुटला, तर गावाला आनंद होईल, पण गोष्ट खरी होणार नाही. वेंकय्या कृष्णाकाठचे, आणि पिंगळी हे त्यांचं आडनाव. नाव सारखं दिसलं की नातं लावायची घाई करू नये, एवढंच आम्हाला सांगायचं आहे.

आता मूळ शब्दाकडं येऊ. 'जात' या दोन अक्षरांत मराठीत निदान चार घरचे शब्द राहतात. एकेकाच्या दारात जाऊन येऊ.

पहिलं घर आपल्या आयाबहिणींच्या ओळखीचं. जातं. दळायचं जातं. हा शब्द संस्कृतातल्या 'यंत्र' शब्दापासून आला. मूळच्या 'य' चा प्राकृतात पुष्कळदा 'ज' होतो. यात्रेची जत्रा झाली, योग्याचा जोगी झाला, यवाचा जव झाला, तसं यंत्राचं जातं झालं. म्हणजे आपल्या आजीच्या घरी पहाटे घरघरत होतं ते साधंसुधं दगडाचं नव्हतं, ते यंत्र होतं बरं का. यातही एक गंमत आहे. 'ती जात्याच हुशार आहे' असं आपण म्हणतो. हा 'जात्या' म्हणजे जन्मानं, स्वभावानं. हा संस्कृत शब्द आहे. पण 'जात्यावर दळण टाकलं' यातला 'जात्या' यंत्राच्या घरचा. आमच्या वर्गात एका पोरानं 'जात्या' चा वाक्यात उपयोग करा म्हटल्यावर लिहिलं होतं, 'आजी जात्याच दळते.' त्याला चूक द्यावी की बरोबर, हे आम्हाला अजून ठरवता आलेलं नाही.

दुसरं घर 'जाणे' या क्रियेचं. 'तो शाळेत जात आहे.' हा 'जात' संस्कृतातल्या 'या', म्हणजे जाणे, या धातूपासून आला. इथंही 'य' चा 'ज' झाला. जत्रा हा शब्द याच घरचा, कारण यात्रा म्हणजेच जाणं. पुढं हा 'जात' इतका कामाचा झाला की 'केलं जात नाही', 'सांगितलं जात नाही' अशा वाक्यांत तो नुसता आधाराला उभा राहतो. 'आता कुणाला जात विचारली जात नाही' असं कुणी म्हणालं, तर त्या एका वाक्यात दोन घरचे दोन 'जात' बसलेले असतात. वाक्य खरं की खोटं, ते तुम्ही ठरवा.

तिसरं घर सांगताना मात्र आम्हाला थोडं थांबावं लागतं, कारण त्या घराचा पत्ता माहीत नसल्याची किंमत आम्ही मोजलेली आहे.

काळ नामांतराच्या लढ्याचा. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत मंजूर झाला आणि मराठवाडा पेटला. किती घरं जळाली, किती माणसं परागंदा झाली, हे इथं बसलेल्या वडीलधाऱ्यांना आम्ही सांगायची गरज नाही. पुढं ठरावाच्या अंमलबजावणीसाठी सत्याग्रह सुरू झाले. त्या एका सत्याग्रहात आम्ही चौघं मित्र पकडले गेलो. मिसरूड नुकतं फुटलेलं, अंगात रग. संध्याकाळ झाल्यावर तिथला एक कारकून कागद घेऊन आला आणि म्हणाला, "जातमुचलका लिहून द्या आणि घरी जा."

आम्ही एकमेकांकडं पाहिलं. आमच्यातला थोरला ताडकन म्हणाला, "जात लिहून देणार नाही. आमच्या बापांनी दीक्षा घेतलीय. आम्ही बौद्ध आहोत." कारकून म्हणाला, "लिहावंच लागतं. सगळ्यांनाच लागतं." थोरला म्हणाला, "सगळ्यांना लागत असेल, आम्ही देणार नाही." कारकुनाला वाटलं पोरं आडमुठी आहेत. आम्हाला वाटलं हा माणूस आम्हाला पुन्हा गावकुसाबाहेर ढकलतोय. त्यानं समजावून सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. दोन रात्री आम्ही आत काढल्या. तिसऱ्या दिवशी चळवळीतले एक वकील आले. आमचं म्हणणं ऐकून आधी त्यांना हसू फुटलं, मग ते गप्प झाले. म्हणाले, "अरे लेकरांनो, ही ती जात नाही. हा अरबी शब्द आहे. जात म्हणजे तू स्वतः. जातमुचलका म्हणजे मी स्वतः हजर राहीन, असं स्वतःच्या नावावर दिलेलं हमीपत्र. यात तुमची जात कुणी विचारलेलीच नाही."

आम्ही सह्या केल्या आणि बाहेर आलो. पण आमच्यातल्या एकाचा परीक्षेचा पेपर त्या दोन दिवसांत बुडाला होता. वर्ष गेलं. घरची गरिबी होती, तो परत परीक्षेला बसला नाही. त्यानं आयुष्यभर हमाली केली. एका शब्दाची दोन घरं माहीत नव्हती, म्हणून.

पुष्कळ वर्षं ही गोष्ट आम्ही स्वतःच्या अडाणीपणाची म्हणून सांगत होतो. आता तसं वाटत नाही. आमचं वाचन चुकलं हे खरं, पण अनुभव चुकला नव्हता. शाळेच्या दाखल्यापासून पाणवठ्यापर्यंत ज्या ज्या वेळी ती दोन अक्षरं आमच्यासमोर आली होती, त्या त्या वेळी त्यांचा एकच अर्थ निघाला होता. ज्याला विस्तवानं पोळलेलं असतं, तो काजव्यालाही ठिणगी समजतो. त्याला हसू नये. त्याला काजवा म्हणजे काय ते दाखवावं.

तर हे तिसरं घर अरबी 'झात' चं. अर्थ, स्वतः, व्यक्ती, मूळ तत्त्व. मोगलांच्या मनसबदारीत दोन आकडे असत, 'जात' आणि 'स्वार'. जात या आकड्यावरून मनसबदाराचा स्वतःचा दर्जा आणि पगार ठरे. स्वार या आकड्यावरून त्यानं किती घोडेस्वार बाळगायचे ते ठरे. इतिहासाच्या पुस्तकात 'पाच हजार जात' असं वाचून कुणी पाच हजार जातींचा हिशोब करू लागला तर पंचाईतच. 'साहेबांनी जातीनं लक्ष घातलं', 'ते जातीनं हजर होते' असं आपण म्हणतो, ते याच घरचं. साहेबांनी आपली जात पाहून लक्ष घातलं असं नव्हे, तर स्वतः लक्ष घातलं. जुन्या कागदांत 'जातखुद्द' हा शब्द येतो, तोही स्वतः या अर्थानं. 'मुचलका' हा शब्द तर तुर्कीतून आलेला. म्हणजे 'जातमुचलका' या एका शब्दात अरबस्तान आणि तुर्कस्तान हातात हात घालून कोर्टाच्या पायरीवर उभे आहेत. आजही वर्तमानपत्रात 'जातमुचलक्यावर सुटका' अशी बातमी येते. तरुण मित्रांनो, ती वाचताना आमची आठवण ठेवा.

आपला मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि कारभाराची भाषा उर्दू होती. त्यामुळं असे शब्द इथल्या मातीत खोल मुरलेले आहेत. उर्दूत तर या दोन घरांची भिंतच पडून गेली. स्वतः या अर्थाचा अरबी शब्द आणि जातपात या अर्थाचा आपल्याकडचा शब्द, दोन्ही तिथं 'झाल' हे एकच अक्षर घालून सारखे लिहिले जातात. अरबीत ज्याचा अर्थ 'मी स्वतः', त्याच अक्षरांत शेजारी 'मी कोणत्या घोळक्यातला' हा अर्थ येऊन बसला. माणूस स्वतः कोण, आणि लोक त्याला कोण समजतात, या दोन गोष्टींत अंतर असतं. लिहिण्यात ते अंतर पुसलं गेलं तरी मनात पुसलं जाऊ नये.

आता चौथं घर, आणि त्या कॉलेजातल्या पोराचा प्रश्न. जातपात या अर्थाची 'जात' ही 'जाति' या शब्दापासून आली, आणि तो शब्द 'जन्' म्हणजे जन्मणे या धातूचा. जन, जननी, जन्म, नवजात हे सगळे याच घरचे. पालीतला 'जाति' सुद्धा याच घरचा. इथं घर वेगळं नाही. इथं एकाच घरात राहून अर्थ बदलला. पालीत 'जाति' हा शब्द कुळ किंवा वर्ग या अर्थानंही येतो. पण पहिल्या उपदेशात म्हातारपण आणि मरण यांच्या रांगेत तो येतो तेव्हा त्याचा अर्थ जन्म. जन्म, जरा, मरण, जे राजालाही चुकत नाही आणि रंकालाही चुकत नाही, त्याबद्दल तथागत बोलत आहेत. तिथं 'जात' असा अर्थ घेतला तर सगळ्या मानवजातीचं दुःख आपण एका देशाच्या दुःखाएवढं लहान करून टाकतो.

याच घरचे आणखी दोन शब्द आपल्या रोजच्या ओळखीचे आहेत. 'जातक' म्हणजे बोधिसत्त्वाच्या जन्माच्या कथा. पालीच्या संग्रहात त्या ५४७ आहेत, आणि आपल्याच मराठवाड्यात अजिंठ्याच्या भिंतींवर त्यांतल्या कितीतरी रंगवलेल्या आहेत. ज्योतिषी ज्याची पत्रिका मांडतो त्यालाही 'जातक' म्हणतो, म्हणजे जन्मलेला. दुसरा शब्द 'सुजाता'. बोधिसत्त्वाला खीर देणाऱ्या सुजातेच्या नावाचा अर्थ नुसता 'चांगली जन्मलेली'. १९५९ साली बिमल रॉय यांनी अस्पृश्य घरात जन्मलेल्या अनाथ मुलीवर चित्रपट काढला आणि तिचं व चित्रपटाचं नाव सुजाता ठेवलं. नावातच त्यांनी समाजाला प्रश्न विचारला होता, चांगला जन्म म्हणजे कोणता?

म्हणजे त्या पोराचं सगळंच चुकलं का? नाही. त्याचा अर्थ चुकीच्या पाठात पडला, एवढंच. जन्मावरून माणसाला उच्च-नीच ठरवण्याबद्दल तथागत इतर ठिकाणी स्पष्टच बोलले आहेत. सुत्तनिपातातल्या वासेट्ठ सुत्तात ते सांगतात की गवताच्या, झाडांच्या, किडा-मुंगीच्या, पशुपक्ष्यांच्या जाती त्यांच्या अंगावरच्या खुणांनी निरनिराळ्या ओळखता येतात, माणसांत मात्र तशी वेगळी खूण सापडत नाही. आणि त्याच ग्रंथातल्या वसल सुत्तात त्यांनी सांगितलं की माणूस हीन ठरतो तो जन्मानं नव्हे, कर्मानं. तिथं 'जन्मानं' या अर्थी पालीत 'जच्चा' असं रूप आलं आहे. हिंदी-उर्दूतला जच्चा-बच्चामधला 'जच्चा' मात्र फारसीतून आलेला, त्याचा अर्थ बाळंतीण. तेव्हा लेकरांनो, तो पाठ म्हणताना पुन्हा फसू नका.

आता शेवटची गोष्ट, आणि आमच्या मते सगळ्यात महत्त्वाची. आपल्याकडं एक म्हण सर्रास फेकली जाते. 'जी जात नाही ती जात.' पारावर, कचेरीत, सभेतसुद्धा. शिकलेसवरलेले लोक हे वाक्य असं म्हणतात की जणू शास्त्रात सिद्ध झालेलं आहे. ऐकणाराही मुकाट्यानं मान हलवतो, आणि त्याच्या मनातली एक पणती विझते.

आता तुम्हीच पाहा. या म्हणीतला पहिला 'जात' दुसऱ्या घरचा, 'या' धातूचा, म्हणजे जाणे. दुसरा 'जात' चौथ्या घरचा, 'जन्' धातूचा, म्हणजे जन्म. दोघांचं रक्ताचं नातं नाही. प्राकृतात 'य' चा 'ज' झाला म्हणून ते सारखे दिसले, एवढाच योगायोग. हिंदीत हा खेळ जमतो, कारण तिथंही तेच घडलं. पण सीमा ओलांडून कर्नाटकात जा. कानडीत जाण्याला 'होगु' म्हणतात. तिथं ही म्हण उभीच राहत नाही. मग कर्नाटकात जात जाते आणि महाराष्ट्रात जात नाही, असं समजायचं का? शब्दाच्या कोटीवर माणसाचं भवितव्य टांगू नका. कोटी ऐकून हसावं, तिला पुरावा मानू नये.

पुरावा पाहायचा तर बाबासाहेबांनी काय केलं ते पाहा. ९ मे १९१६ रोजी, कोलंबिया विद्यापीठात, अवघ्या पंचविशीत त्यांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला. त्यात त्यांनी जातीला सुरुवात आहे, तिची घडण आहे, आपल्याच गटात लग्न करण्याच्या बंधनावर ती उभी आहे, हे दाखवून दिलं. ज्याला सुरुवात आहे, ज्याची घडण उलगडून दाखवता येते, ते मोडताही येतं. पुढं वीस वर्षांनी, १९३६ साली, त्यांनी जातिसंस्थेच्या उच्छेदावर ग्रंथच छापला. त्यांनी 'जात जाईल का' असं विचारत बसण्यापेक्षा 'ती कशानं टिकते' हे विचारलं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला जे झालं, ते त्या उत्तराचंच पुढचं पाऊल होतं.

आम्ही भाबडे नाही. दीक्षेनंतरही अर्जातला 'जात' हा रकाना आपल्या मागं आला. १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांना जागा नव्हती. १९९० साली कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा ती मिळाली. तो हक्क आहे आणि तो घेतलाच पाहिजे. त्या रकान्यात जे लिहितो ते आपल्या पूर्वजांवर झालेल्या अन्यायाची नोंद आहे. आपण स्वतः कोण, याची ती नोंद नव्हे. लेकरांना हा फरक घरी सांगा. रकाना भरताना त्यांची मान खाली जाता कामा नये.

जात्याच्या घरात पुन्हा एकदा डोकावू आणि थांबू. हेमा राइरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी महाराष्ट्रातल्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्या एक लाखाहून जास्त भरल्या. शेजारच्या बीड जिल्ह्यात माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी बाबासाहेबांवर रचलेल्या ओव्याही त्यांत आहेत. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायांनी जात्यावर बसून जातीच्या विरुद्ध गायलं. त्यांना यंत्र, जन्म, धातू, प्रत्यय काही ठाऊक नव्हतं. पण कोणतं 'जात' फिरवायचं आणि कोणती 'जात' दळून टाकायची, हे त्यांना बरोबर कळलं होतं.

समितीला आमची एक विनंती आहे. विहारात शब्दकोशांचं एक कपाट असावं. मोल्सवर्थसाहेबाचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, १८५७ साली त्याची मोठी आवृत्ती आली. त्यात शब्द संस्कृत की अरबी की फारसी, याच्या खुणा दिलेल्या आहेत. माधव जूलियन या नावानं कविता लिहिणाऱ्या माधवराव पटवर्धनांचा फारशी-मराठी कोश १९२५ चा. आणि खुद्द बाबासाहेबांनी पालीचं व्याकरण आणि कोश तयार केला होता. महाराष्ट्र शासनानं १९९८ साली त्यांच्या समग्र वाङ्मयाचा सोळावा खंड म्हणून तो छापला आहे. घटना लिहिणारा माणूस रात्री जागून एकेका पाली शब्दाचा अर्थ टिपत होता. आपण निदान उघडून पाहू. रविवारच्या वर्गात दर आठवड्याला एक शब्द घ्या, त्याचं घर शोधा. उद्या कुण्या पोरासमोर कसलाही कागद आला, तर सही करण्याआधी किंवा नाकारण्याआधी ते विचारेल, हा शब्द कुठला? आमच्या मित्राला हे विचारायला कुणी शिकवलं नव्हतं.

शब्दाला त्याचं कूळ, त्याचं गाव खुशाल विचारा. त्याला राग येत नाही, उलट तो आपलं पोट उघडं करतो. माणसाला मात्र ते विचारू नका. माणूस जन्मानं कोण, हे विचारून त्याच्याबद्दल काहीच कळत नाही. तो कळतो त्याच्या वागण्यावरून.